फुंकर

खिमट गरम होतं. आईनं चमचा स्वतःच्या ओठांजवळ नेला, गाल थोडे फुगवले, आणि तिच्या तोंडातून हवा निघायच्या आत माझा हात तिथं जाऊन पोचला होता. चमचा फरशीवर वाजला. तिच्या मांडीवर बसलेल्या राजीच्या झबल्यावर खिमटाचा पिवळा ओघळ उतरला. राजीला वाटलं, हा नवा खेळ आहे. ती खिदळली, तिचे दोन दात दिसले. आई हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं पदरानं झबलं पुसलं, मग पदराचं कोरडं टोक तोंडावर धरलं आणि त्याच्याआडून म्हणाली, "इसरलेच बाई मी." एवढंच झालं. हिंगोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत, भर दुपारी, खाली गल्लीत एक रिक्षावाला कुणाला तरी हिंदीतून बाजूला व्हायला सांगत असताना, एवढंच. मी चमचा उचलून मोरीत नेला, धुतला, पुन्हा धुतला. नळाखालच्या त्या हाताकडं पाहत राहिले. तो माझं ऐकून उठला नव्हता. कुठंतरी दडून बसला होता आणि वेळ आल्यावर बाहेर आला होता, आणि आता साबणाच्या फेसात अगदी साधा, पाच बोटांचा दिसत होता.

आई शिरड शहापूरहून सकाळच्या गाडीनं आली होती. राजी दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदाच. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पुसेगावला लग्नाला गेल्या आहेत एवढं मी फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं. ये, असं म्हटलं नव्हतं. आईला तेवढं पुरतं. येताना तिनं पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणल्या, राजीसाठी जुन्या लुगड्याची दुपटी आणली, आणि इहीणबाईंच्या देवासाठी घरच्या कापसाच्या वाती वळून आणल्या. "त्यांच्या हाती दे, मी आल्ते म्हणू नको," असं सांगत तिनं वातींचा पुडा फडताळात ठेवला. पोस्टानं आल्या म्हणू का, असं मी विचारलं. "म्हण की. वाती काही बोलत न्हाईत," ती म्हणाली, आणि त्यावर आम्ही दोघी थोडं हसलो होतो. तोपर्यंत खिमट शिजायचं होतं.

तिची फुंकर मी जन्मल्यापासून ओळखते. बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा तीच राजीला न्हाऊ घालायची. परसातल्या दगडावर पाट टाकून ती पाय लांब करून बसायची, पोटऱ्यांवर लेकरू पालथं, मग उताणं. तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग सोसवेल तेवढं ऊन पाणी. राजी रडून रडून लाल व्हायची आणि मग एकाएकी गप्प होऊन आभाळाकडं बघायची. शेवटी फुंकरा. आई तिचं इवलं नाक चिमटीत धरून सरळ करायची, आपलं तोंड त्यावर टेकवायची आणि फुंकायची, एका नाकपुडीत, मग दुसरीत. मग कानांत, मग टाळूवर. नाकात पाणी राहत नाही, नाक तरतरीत होतं. "तुझं नाक कुणी केलंय? मीच. न्हाईतर बापाचं आल्तं, भज्यावानी," ती म्हणायची. गल्लीतली कितीतरी नाकं तिनं अशी फुंकली होती. मी दारात ओट्यावर बसून बघायची, डोक्याला फडकं, कानात कापसाचे बोळे, आणि मला वाटायचं की फुंकर माझ्याच आत कुठंतरी जाते आहे आणि तिथला सगळा कोंदटपणा निघून जातो आहे. त्या सुखाचं आता मला काय करावं कळत नाही. ते खोटं होतं असं म्हणवत नाही.

न्हाणं झालं की धुरी. बाजेखाली शेगडी, तिच्यात कोळसे, वर ओवा आणि शेपा. खोली अशी भरून जायची की आई एका कोपऱ्यातून दिसायची ती नुसती बांगड्यांनी. त्या खोलीत कुणीही खोकलं तरी ते धुरीचंच. आई खोकायची, धुरीनं. मी खोकायची, धुरीनं. सुट्टीच्या दिवशी राजीचे पप्पा भागवत हिंगोलीहून यायचे, ते खोकायचे, पण त्यांचा खोकला धुरीचा नव्हता, हळदीचा होता. ते हळदीच्या आडतीवर काट्यावर वजनाला असतात. सीझनमध्ये पोती ओतली, भरली, हलवली की धूळ उडते. ती त्यांच्या भुवयांत असते, कानाच्या वळणात असते, शर्ट कितीही धुतला तरी कॉलरच्या आत असते. ते आले की आई म्हणायची, "जावाईबापू असे पिवळेजर्द, म्हणता म्हणता कुणी पुन्यांदा बोहल्यावर उभं करील." ते हसायचे आणि हसता हसता खोकला लागायचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत; मग घोटभर पाणी प्यायचे आणि राजीला उचलून तिच्या टाळूचा खोल वास घ्यायचे. आधी ते खोकायला लागले की आधी आई, हे मी किती वेळा मनात मांडून पाहिलं असेल. एकदा ते आधी येतात, एकदा ती. दोघांच्या मध्ये राजी असते, न्हालेली, दुपट्यात घट्ट बांधलेली, नाक वर केलेली.

दीड महिन्याची लस राहिली होती. आशाताई दोनदा येऊन सांगून गेल्या होत्या. पण बारसं त्याच आठवड्यात ठेवलेलं, हळदीच्या गर्दीतून भागवतना तेवढीच सवड होती, आणि आत्यांचा फोन आला, "सुईनं ताप येतो. पाव्हणे येऊन राहिले अन् लेकरू तापलेलं, किरकिर करणारं, शोभतं का? बारसं होऊ द्या, मग टोचा काय टोचायचं ते." आईनं मान डोलावली. मीही डोलावली. बारशाला पुसेगावचे आले, वारंगा फाट्याचे आले, प्रत्येकानं तिला घेतली, प्रत्येकानं तिचा मुका घेतला. राजनंदिनी हे नाव कानात सांगायला किती तोंडं तिच्या कानाशी लागली. दोन घरच्या आया एकमेकींना कुंकू लावत होत्या. फोटोत सगळे हसत आहेत, आणि कोण कोण खोकत होतं हे फोटोत येत नाही.

पहिली उबळ दुपारी आली. मी तिला पाजून बाजेवर टाकलं होतं. खोकला म्हणावा असा आवाजच नव्हता. चिमणी लाकडावर चोच आपटते तसं काहीतरी, एकामागून एक, मध्ये श्वासाला जागाच नाही. जीभ बाहेर आली. चेहरा आधी लाल, मग जांभळा, मग असा काही रंग की त्याला नाव ठेवायची माझी तयारी नव्हती. आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही मला अजून ऐकू येतं, कुकरची शिट्टी झाल्यावर, गाडी बंद पडल्यावर, कुणी बोलता बोलता थांबल्यावर. आईनं तिला हातावर पालथं घालून पाठ चोळली आणि ती रडली. रडली म्हणून आम्ही दोघी रडलो. आई म्हणाली, "डांग्या म्हणावं तर आवाज न्हाई." डांग्या खोकल्याचा आवाज तिला माहीत होता, तिच्या लहानपणी गावात लेकरं ओढून ओढून कोंबड्यासारखी आरवत, रात्रभर. तसं आरवणं राजीच्या खोकल्यात नव्हतं. आरवायलाही थोडी ताकद लागते, एवढ्याशा जिवाला ती नसते, हे आम्हाला नंतर कळलं. तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेलं तर उबळ नसलेली राजी त्यांच्या टेबलावर पाय झाडत हसत होती. छाती साफ आहे, सर्दी आहे, धूर बंद करा. सिरप दिलं. दुसरीकडं नेलं, तिथंही ती हसली. त्या हसण्याचा मला राग यायला लागला, आपल्या लेकराच्या हसण्याचा. दाखव ना गं, मी तिला रिक्षात म्हणत होते, मला जे दाखवतेस ते त्यांना दाखव.

म्हणून मी फोन काढला. पुढची उबळ आली तेव्हा राजी आईच्या हातात होती आणि मी समोर फोन धरून उभी. आई ओरडली, "फोन ठेव मेले, लेकरू काळं पडून राहिलं." मी ठेवला नाही. स्क्रीनवर ती लहान दिसत होती, दुसऱ्या कुणाची वाटत होती, त्यामुळं हात थरथरला नाही. नांदेडच्या बालरोगाच्या निता मॅडमनी तो व्हिडिओ पाहिला, परत पहिल्यापासून पाहिला, आणि फोन माझ्या हातात देताना म्हणाल्या, "हे बरं केलंत." त्या तीन शब्दांवर मी किती दिवस जगले. मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट हातात धरून, वर न बघता विचारलं, "घरात कुणाला खोकला आहे? बरेच दिवसांचा?" आम्ही चौघं उभे होतो. भागवत म्हणाले, "न्हाई, तसा कुणाला न्हाई. माझं आपलं हळदीचं राहतं थोडं." आत्या म्हणाल्या, "इहीणबाई खोकलून राहिल्या की. बारशातबी खोकलत होत्या." आणि जरा थांबून, "नाकात फुंकतात त्या लेकराच्या. रोज. तोंड लावून." आई भिंतीशी होती. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मॅडम म्हणाल्या, "फुंकायचं नाही. कुणीच. खोकणाऱ्यानं जवळच जायचं नाही." त्या 'कुणीच' म्हणाल्या होत्या. खोलीतल्या सगळ्यांनी ते एका माणसाचं नाव असल्यासारखं ऐकलं. मीही.

मग नाकातून नमुना घ्यायची ती काडी. काडी कसली, तार. कागदाच्या पिशवीतून काढली तेव्हा दिसेना इतकी बारीक, टोकाला पांढरा अंकुर. नर्सनं ती राजीच्या नाकपुडीपासून कानापर्यंत धरून अंतर बघितलं. तेवढी आत जाणार. आई काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "कापूस भारी बारीक लावलाय." नर्स म्हणाली, "कापूस नाही आजी, कापूस चालत नाही. हा जंतू कापसाला टिकत नाही, मरतो, मग लॅबमध्ये उगवतच नाही." आई तिच्याकडं बघत राहिली. आमच्या घरी कापूस फडताळात असतो, गादीत असतो, माझ्या कानात होता, आईच्या बोटांना सदा लागलेला असतो. "मंग कापूसच भरा की तिच्या नाकात," ती म्हणाली. "जंतूबी मरंल, अन् तार घालायची कामबी न्हाई." नर्स हसली. आत्या हसल्या. आई विनोद करत नव्हती. मी राजीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि तार आत गेली, त्याच वाटेनं, जिथं रोज सकाळी फुंकर जायची. आत पोचल्यावर त्यांनी ती थोडी थांबवली, फिरवली. राजी इतकी दचकली की तिला रडताही आलं नाही. आईनं भिंतीकडं तोंड केलं होतं आणि तिचे ओठ आपोआप फुगले होते, नाक मोकळं करायला, सवयीनं.

नमुना पुढं मोठ्या शहरात गेला. पण मॅडम म्हणाल्या, रिपोर्टची वाट बघून औषध थांबवायचं नसतं, आणि औषध नमुन्याच्या आधी द्यायचं नसतं, एवढा क्रम पाळला की झालं. त्या वॉर्डात राजीच्या पायाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा लावलेला असायचा, मी त्याच्याकडं बघत बसायची. मॅडमना फुरसत असली की मी विचारायची, आणि त्या सांगायच्या, कदाचित मी दुसरं काही विचारू नये म्हणून. श्वासनळीला आतून बारीक केस असतात, सतत हलणारे, कचरा वर ढकलणारे. हा जंतू त्या केसांना चिकटून बसतो आणि विष सोडतो, केस लुळे पडतात. मग साचलेलं काढायला शरीराकडं खोकल्याशिवाय काही उरत नाही. त्याला लॅबमध्ये वाढवायचं तर साधी बशी चालत नाही, रक्त लागतं आणि कोळसा लागतो. कोळसा कशाला, मी विचारलं. त्याला नको असलेलं शोषून घ्यायला, त्या म्हणाल्या, फार नाजूक असतो तो. आपल्या बाजेखालच्या शेगडीतला कोळसा मला दिसला. त्यांनी फोनवर फोटो दाखवला. काळ्या बशीवर बारीक चकचकीत ठिपके, फुटलेल्या थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखे. नाव एखाद्या मुलीचं असावं तसं, बोर्डेटेला. मला तो सुंदर दिसला, आणि त्याबद्दल मी कुणालाच काही बोलले नाही. औषधानं तो मरेल, त्या म्हणाल्या, लवकर मरेल. पण खोकला राहील, दोन महिने, तीन महिने. केस परत उगवायला वेळ लागतो. जंतू गेल्यावरही राहतो? राहतो, त्या म्हणाल्या, जंतू गेला हे छातीला माहीत नसतं.

राजीचा रिपोर्ट तोच आला, डांग्या खोकल्याचा. घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या होत्या, आणि खोकणाऱ्यांनी नमुना द्यायचा होता. आईनं दिला. खुर्चीवर ताठ बसून, पदर नीट करून, फोटोला बसावं तशी. तार आत गेली तेव्हा तिच्या एका डोळ्यातून पाणी आलं, फक्त एका. भागवत म्हणाले, "आडतीवरून येतो, मग देतो." आले तेव्हा लॅब बंद झाली होती, दुसऱ्या दिवशी लिलाव होता, तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही. आत्यांनी नाही, मॅडमनी नाही, मी नाही. गोळ्या मात्र त्यांनी बराबर घेतल्या, आमच्यासारख्याच. आईच्या नमुन्यात काही निघालं नाही. मी तिला व्हरांड्यात सांगितलं. ती बाकड्यावरून उठली. "म्हंजी मी न्हवते?" तिच्या तोंडावर असं काही आलं होतं की मला खाली बघावं लागलं. कारण मॅडमनी पुढचंही सांगितलं होतं: इतके दिवस खोकून झाल्यावर तो सापडत नाही, असला तरी. नाही आलं म्हणजे नव्हता, असं नाही. मागं आत्या उभ्या होत्या, डॉक्टरांच्या कुठल्याही बोलण्यावर कधीच विश्वास न ठेवणाऱ्या आत्या, आणि हे एक वाक्य त्यांनी मंत्रासारखं पाठ केलं होतं. "न्हाई आलं म्हंजी न्हवता असं न्हाई," त्यांनी माझ्या आधी सांगून टाकलं. आई परत बाकड्यावर बसली. मग तिनं विचारलं, "लेकराला दूध पाजलंस का?"

आणि आता त्या सगळ्याला पावसाळा गेला, दिवाळी गेली. राजी धरून उभी राहते. तिची छाती मोकळी आहे. मी चमचा तिसऱ्यांदा धुवून बाहेर आले तेव्हा आई खिमट एका ताटलीतून दुसऱ्या ताटलीत ओतत होती, निवावं म्हणून, वरून धार धरून, थेंब न सांडता, तोंडावर पदर दातांत धरून. तसं खिमट निवायला किती वेळ लागतो. राजी तिच्या गुडघ्याला धरून धारेकडं बघत होती. माझ्या ओठांवर आलं होतं की आई, सोड तो पदर. दारात चपला वाजल्या. भागवत जेवायला आले होते. "अरे, सासूबाई. कवा आल्या? सांगायचं तर गाडीवर घेऊन आलो असतो की स्टँडवरून," ते म्हणाले. गोदामातली जुनी हळद अजून निघते आहे, नवीला वेळ आहे. भुवया पिवळ्या होत्याच. बोलता बोलता त्यांना ठसका लागला, कोरडा, नेहमीचा. त्यांनी मुठीत खोकलं आणि त्याच हातांनी राजीला वर उचललं, झबलं वर केलं, आणि तिच्या पोटाला तोंड लावून जोरात फुर्र केलं. राजी किंचाळून हसली. परत फुर्र. गालावर. मानेत. नाकावर.

माझा हात मांडीवर होता. मी त्याची वाट पाहिली. तो हलला नाही. ओल्या पदराला पुसलेला, चमच्याच्या साबणाचा वास येणारा, माझा स्वतःचा हात, आणि त्याला इथं काही करायचं नव्हतं. मी वर बघितलं तर आई माझ्या त्याच हाताकडं बघत होती. तिनं सगळं बघितलं होतं, आणि बहुतेक आजच बघितलं नव्हतं. ती जावयाला म्हणाली, "हळदीचा तरास हाये का अजून?" "व्हय, सीझन संपल्याबिगर जातो का तो," ते म्हणाले. "न्हाई जात," आई म्हणाली. "तुमचा हळदीचा. तुमाला बोल न्हाई कुणाचा." ते हसले, काट्यावरच्या माणसाला आवडेल असं काहीतरी तिनं म्हटलं असावं तसं. मी भाकरी वाढायला उठले. फुर्र करणारी आई असती तर तिच्यावर मी चिडले असते, बोलले असते, उद्या फोन करून परत बोलले असते, आणि तिनं ऐकून घेतलं असतं. तिच्यावर हात उगारला तरी संध्याकाळी ती शेंगा निवडत बसेल हे त्या हाताला ठाऊक होतं. बाकीच्यांचं त्याला ठाऊक नव्हतं, की फारच ठाऊक होतं. भागवत जेवत होते. चांगले आहेत ते. वॉर्डात माझे पाय दाबून दिले होते त्यांनी. मी त्यांना वरण वाढलं आणि ते खोकले तेव्हा पाणी पुढं केलं.

आईनं खिमट पूर्ण भरवलं, मग तोंडावरचा पदर सोडला. उन्हं कलायच्या आत तिला निघायचं होतं, औंढ्याला उतरून पुढची गाडी धरायची होती. मी थांब म्हटलं नाही; आत्या उद्या यायच्या होत्या. तिनं पिशवीची घडी घातली, देवाच्या फोटोला हात जोडले, वातींचा पुडा फडताळात आणखी आत सरकवला. मग दारात बसली आणि चप्पल घालता घालता राजीला म्हणाली, "येते गं, नकटे." राजी रांगत तिच्याकडं गेली, तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तोंडासमोर तोंड आलं. पप्पांनी मघाशी शिकवलेलं तिच्या अजून लक्षात होतं. तिनं गाल फुगवले, ओठ पुढं केले, थुंकीचे बुडबुडे उडवत आजीच्या तोंडावर फुंकलं, फुर्र. आणि मान वाकडी करून वाट बघत राहिली, आता आजीनं परत फुंकायचं म्हणून.

आईचे गाल फुगले. आणि तिनं आधी माझ्याकडं बघितलं.